हिमालयात बर्फ कुठे, किती आणि कधी पडणार हे स्वतः कसं ओळखायचं – पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

डिसेंबर लागला की मला एकाच प्रकारचे मेसेज यायला लागतात. मोबाईलच्या वेदर अॅपचा स्क्रीनशॉट, त्यात ढग, ढगाखाली बर्फाची चांदणी, आणि खाली प्रश्न, "दादा, २७ ला मनालीत स्नोफॉल दाखवतंय, तिकीट काढू ना?" मी बरीच वर्षं हिवाळ्यात ग्रुप घेऊन हिमाचल-उत्तराखंडला जातोय आणि मनापासून सांगतो, त्या चांदणीवरून मला काहीच सांगता येत नाही. बर्फ गावात पडणार की वर हजार मीटरवर, बोटभर पडणार की गुडघाभर, पडून गेल्यावर रस्त्याचं काय होणार, यातलं एकही उत्तर त्या चित्रात नसतं. पण ही उत्तरं काढता येतात, फुकट मिळणाऱ्या माहितीवरून, थोडी बेरीज-वजाबाकी करून, आणि एकदा सवय झाली की दहा मिनिटांचं काम आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी ही राहू दे. आपली माणसं फोरकास्ट बघतात ती बर्फ पडेपर्यंतच. पडला की अॅप बंद, फोटो चालू. आणि गाडी घसरते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, आकाश निळंशार असताना. त्यामुळे फोरकास्ट नेहमी बर्फाचा दिवस आणि त्यानंतरच्या दोन रात्री असा एकत्र बघायचा, मी खाली सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

१. बर्फ आणतो कोण

हिवाळ्यात हिमालयात बर्फ आणणारा म्हणजे पश्चिमी झंझावात, हिंदी बातम्यांत त्याला पश्चिमी विक्षोभ म्हणतात आणि हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये वेस्टर्न डिस्टर्बन्स. भूमध्य समुद्र, कॅस्पियन समुद्राच्या बाजूने निघतो, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत आपल्याकडे येतो आणि हिमालयाच्या भिंतीला लागून वर चढला की त्यातलं बाष्प बर्फ होऊन खाली येतं. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा येतात, पण सगळे जोरदार नसतात, कित्येक नुसते ढग दाखवून निघून जातात. आपल्याला हे अगदीच नवीन नाहीये खरंतर, झंझावात पुढे सरकला की मागून उत्तरेचे कोरडे वारे सुटतात आणि दोन-तीन दिवसांत निफाडचा पारा उतरल्याची, द्राक्षबागायतदार शेकोट्या पेटवून बसल्याची बातमी येते, ती ह्याच साखळीची शेवटची कडी.

आता हा जोरदार आहे की नुसता ढगाळ, हे कसं बघायचं? विंडी अॅप उघडा, वाऱ्याचा लेयर लावा आणि उंचीच्या पट्टीवर ५०० हेक्टोपास्कल निवडा, म्हणजे जमिनीलगतचा नाही तर साडेपाच किलोमीटर उंचीवरचा वारा दिसेल. पश्चिमेकडून पूर्वेकडे एक नदीच वाहताना दिसते. ही नदी जिथे दक्षिणेकडे झोळीसारखी लोंबते तिथे झंझावात. झोळी काश्मीरच्या वरूनच उथळपणे निघून गेली तर काश्मीरला थोडा बर्फ, मनालीला ढग आणि उत्तराखंडला बहुतेक काहीच नाही. पण झोळी खोल असली, पार सिंध-राजस्थानपर्यंत लोंबलेली, तर तिला अरबी समुद्राचंही बाष्प मिळतं आणि मग तो दोन-तीन दिवस ठाण मांडून झोडपतो. मी प्रत्येक ट्रिपआधी पहिलं हेच बघतो, पाऊस-बर्फाचा लेयर नंतर.

आणि कॅलेंडर बघून बर्फाची गॅरंटी कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, थंडीचा सगळ्यात कडक काळ, आणि तरीही जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार महिनाभर जवळजवळ कोरडे तपकिरी पडले होते, स्कीइंगची बुकिंग्ज वाया गेली, बर्फ आला तो महिना संपता संपता. झंझावातच कमजोर आले तर थंडी कितीही असो, बर्फ होणार कशाचा?

२. उंचीचा कागद

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात उपयोगाची. आपल्या प्रवासातल्या प्रत्येक मुक्कामाची आणि खिंडीची उंची मीटरमध्ये एका कागदावर लिहा, खालून वर. मनालीचं उदाहरण घेऊ. मनाली गाव साधारण २०५०, सोलंग साधारण २५००, अटल टनेलचं अलीकडचं तोंड ३०६०, पलीकडचं ३०७१, रोहतांग खिंड ३९७८. शिमला जायचं असेल तर २२००, गुलमर्ग २६५०, श्रीनगर १५८५. उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या ट्रेकला जाणार असाल तर पायथ्याचं सांक्री गाव १९००च्या आसपास आणि माथा ३८००. बघा, सांक्री ते माथा जवळजवळ दोन किलोमीटरचा फरक आहे आणि अॅपमध्ये आपण टाकतो नुसतं "केदारकंठा", मग ते नक्की कुठल्या उंचीचं हवामान सांगतंय कोणाला माहीत.

३. बर्फाची रेघ काढणं

वर जाताना दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा डिग्रीने उतरतं. बर्फ पडत असताना हवा ओली असते तेव्हा थोडं कमी, पाच-सहा डिग्री धरा. मनालीत ६ डिग्री आहे म्हणजे टनेलच्या तोंडाशी, हजार मीटर वर, शून्याच्या आसपास. हा झाला ढोबळ हिशोब.

त्याहून नेमकं पाहिजे तर फ्रीझिंग लेव्हल बघा, म्हणजे हवेचं तापमान ज्या उंचीला शून्य होतं ती उंची. विंडीवर लेयर आहे, डोंगरांच्या वेगळ्या फोरकास्ट साईट्स आहेत त्याही देतात. आता गंमत अशी की बर्फ शून्याच्या रेघेवर थांबत नाही, पडता पडता वितळायला त्याला वेळ लागतो, म्हणून तो साधारण दोनशे-तीनशे मीटर आणखी खाली येतो. समजा फ्रीझिंग लेव्हल २६०० दिसतेय, म्हणजे बर्फाची रेघ २३०० ते २४००. कागद काढा. मनाली २०५०, पाऊस, तोही गारठवणारा. सोलंग २५००, ओला चिकट बर्फ, कपडे भिजवणारा. टनेलजवळ चांगला बर्फ. म्हणजे अॅपवर मनालीला चांदणी असली तरी मॉल रोडवर छत्री लागणार आहे हे तुम्हाला घरबसल्या कळलं.

दोन गोष्टींनी ही रेघ खाली सरकते. हवा सुरुवातीला कोरडी असेल तर पडणारे थेंब आणि बर्फ वाळताना हवा थंड करतात, म्हणून कधी कधी ३ डिग्रीलासुद्धा बर्फ पडतो आणि लोक म्हणतात फोरकास्ट चुकला. आणि दुसरं, जोर वाढला की वितळणारा बर्फच हवेतली उष्णता खातो, त्यामुळे अरुंद दरीत संध्याकाळी पाऊस सुरू झाला आणि चांगला धो धो लागला की मध्यरात्री त्याचाच बर्फ झालेला असतो. मनालीत हे मी दोनदा पाहिलंय, झोपताना पत्र्यावर ताडताड आवाज, रात्री दोनला जाग आली ती आवाज बंद झाला म्हणून, पडदा सरकवला तर बाहेर सगळं पांढरं.

४. अॅप नेमकं कुठलं मनाली बघतंय

कॉम्प्युटर मॉडेल जमिनीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची देतं. युरोपियन मॉडेलचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा, अमेरिकन जीएफएस मॉडेलचा मूळचा १३, पण नकाशावर बऱ्याचदा २५चा दाखवतात. मनालीभोवती ९ किलोमीटरमध्ये नदीचं पात्रही येतं आणि चार हजारांचे डोंगरही, सरासरी काढली की मॉडेलचं मनाली खऱ्या मनालीपेक्षा बरंच उंच निघतं आणि म्हणून तिथे उगाच थंडी आणि उगाच बर्फ दिसतो. त्यामुळे फोरकास्टच्या पानावर उंची लिहिलेली असेल तर ती आपल्या कागदाशी ताडून बघा, आणि फरक असेल तर साडेसहाच्या हिशोबाने दुरुस्त करा. आपल्या पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ पासून हवामान खातं वापरायला लागलंय, तिचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे, डोंगरासाठी लहान चौकोन म्हणजे खरंच मोठी गोष्ट. तरी दरी ती दरीच, एका वळणावर ऊन आणि पुढच्या वळणावर बर्फ हे सहा किलोमीटरमध्येही बसत नाही.

एकाच मॉडेलवर कधी जाऊ नका. युरोपियन, जीएफएस आणि जर्मन आयकॉन, तिन्ही बघा. तिन्ही एकच तारीख सांगत असतील तर मी मानतो. एक ४० सेंटीमीटर म्हणतंय आणि दुसरं ५, तर अजून ठरलेलं नाही एवढंच त्यातून घ्यायचं, त्यांची सरासरी काढून २२ म्हणत बसायचं नाही.

५. किती पडणार

बुलेटिनमध्ये किंवा अॅपमध्ये बऱ्याचदा पाणी मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. सोपा नियम, १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ सेंटीमीटर बर्फ. हे मला पुस्तकातून पटलं नव्हतं, सांक्रीजवळच्या एका घरात पटलं. नळ गोठलेला, घरातल्या मावशींनी ताज्या बर्फाने काठोकाठ भरलेलं पातेलं चुलीवर ठेवलं, मी म्हटलं आता चहा होईल सगळ्यांचा, आणि बघता बघता तो ढीग खाली बसला, तळाला बोटभर पाणी. मावशी पुन्हा भरायला गेल्या, चार वेळा गेल्या. तेव्हापासून दहाला एक हे प्रमाण डोक्यात पक्कं बसलंय.

पण शून्याच्या आसपासचा ओला बर्फ जड असतो, तिथे १ मिलिमीटरला अर्धा-पाऊण सेंटीमीटरच धरा, आणि उणे दहाच्या खालचा कोरडा भुसभुशीत बर्फ दीड सेंटीमीटरपर्यंत जातो. म्हणजे २० मिलिमीटर पाण्याचा सोलंगमध्ये १०-१५ सेंटीमीटर चिखलासारखा बर्फ आणि रोहतांगला ३० सेंटीमीटर पावडर. ओला बर्फ कमी दिसतो पण झाडं आणि विजेच्या तारा तोच पाडतो, म्हणून त्या रात्री पॉवर बँक भरून ठेवा.

६. किती दिवस आधी काय बघायचं

दहा दिवस आधी फक्त एवढंच बघा की झोळी येतेय का. तारीख, सेंटीमीटर काही बघू नका, ते रोज बदलणार आणि तुमचा जीव उगाच खालीवर होणार. पाच दिवस आधी तारीख साधारण जमते, एक दिवस मागेपुढे. दोन दिवस आधी फ्रीझिंग लेव्हल आणि मिलिमीटर विश्वासाने घ्या, आणि आता हवामान खात्याचं बुलेटिन उघडाच. हिमाचलसाठी शिमल्याचं केंद्र, उत्तराखंडसाठी देहरादून, काश्मीरसाठी श्रीनगर, तिघांच्या साईटवर जिल्हावार अंदाज आणि पिवळा, नारंगी, लाल असे इशारे असतात. (पुण्यात शिवाजीनगरला आपण ज्याला सिमला ऑफिस म्हणतो ते नाव ह्याच खात्यामुळे पडलंय, १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं होतं. रोज त्या चौकातून जाणाऱ्या कित्येकांना हे माहीत नसतं, म्हणून सांगावंसं वाटलं.)

बुलेटिन वाचताना दोन ठिकाणी नवीन माणूस फसतो. एक, "तुरळक ठिकाणी", "काही ठिकाणी", "बऱ्याच ठिकाणी", "बहुतांश ठिकाणी" हे शब्द मोजून वापरलेले असतात, तुरळक म्हणजे त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी आणि बहुतांश म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर. त्यात बर्फ किती पडेल हे नसतं, किती जागी पडेल हे असतं. दुसरं, खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. म्हणजे २७ तारखेच्या इशाऱ्यात २८ ची पहाटही येते, आणि पहाटे निघणाऱ्या गाड्या नेमक्या तिथे सापडतात.

शेवटच्या काही तासांसाठी रडार. हिमाचलात कुफरी, जोत आणि मुरारी देवी, उत्तराखंडात मुक्तेश्वर, सुरकंडा देवी आणि लॅन्सडाऊनला डॉप्लर रडार आहेत. डोंगर आड येतात म्हणून प्रत्येक दरी दिसत नाही, पण पाऊस-बर्फाचा पट्टा कुठे पोचलाय ते कळतं.

७. रस्त्यावरचं आइस – इथे थांबून वाचा

आपल्या महाबळेश्वरची बातमी दरवर्षी येते, वेण्णा लेकला दवबिंदू गोठले, हिमकण जमले. आणि त्याच बातमीत गावातलं तापमान पाच-सहा डिग्री लिहिलेलं असतं. लोक विचारतात सहा डिग्रीला बर्फ कसा? अहो, तापमान मोजतात जमिनीपासून दीड-दोन मीटरवर सावलीतल्या पेटीत. रात्र निरभ्र असली, वारा पडलेला असला की जमीन आणि गाड्यांचे टप आपली उष्णता थेट आकाशात सोडतात आणि वरच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होतात, शिवाय थंड हवा जड असल्याने उतारावरून ओघळून तळ्याकाठी साचते. बस, हेच मनालीच्या रस्त्यावर होतं, फक्त तिथे दवाच्या जागी दुपारभर वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहत असतं. ते रात्री गोठतं आणि डांबरावर काचेसारखा पातळ थर बसतो, खालचं काळं डांबर आरपार दिसतं, म्हणून त्याला ब्लॅक आइस म्हणतात.

माझ्यावर एकदा वेळ आली होती. आदल्या दिवशी बर्फ पडून गेलेला, सकाळी स्वच्छ आकाश, सगळे खूष, मीच घाई केली, सातला गाडी काढायला लावली. ड्रायव्हर दादा म्हणत होते, "साब, धूप आने दो." सोलंगच्या अलीकडे देवदारांच्या सावलीत एक वळण होतं, रस्ता नुसता ओला दिसत होता. आणि अचानक टायरचा आवाज बंद झाला. ओल्या रस्त्यावर टायरचा सरसर आवाज येत असतो, तो थांबला, आणि इनोव्हा शांतपणे आडवी सरकायला लागली. दादांनी ब्रेकला पायच लावला नाही, गिअरवर धरली, कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन टेकली. दुसऱ्या बाजूला व्यास नदी होती. तेव्हापासून मी कुठल्याही ग्रुपला बर्फानंतरच्या दिवशी दहाच्या आत हलू देत नाही.

तर रात्रीचा हिशोब असा करायचा. चार गोष्टी बघा, रस्ता ओला आहे का, आकाश मोकळं होणार का, वारा पडणार का, आणि किमान तापमान ३ डिग्रीच्या खाली आहे का. शून्याची वाट बघू नका, ३ पुरे. चारही उत्तरं हो आली तर सकाळी आइस असणार असंच धरा. कुठे असणार तेही सांगता येतं, पुलांवर, कारण खालूनही हवा लागते, उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर जिथे ऊन येतच नाही, आणि जिथे नाला रस्ता ओलांडतो तिथे. गाडी चालवायची वेळ दहा-साडेदहा ते साडेतीन-चार. ढगाळ रात्र असेल तर उलट धोका थोडा कमी, ढग गोधडीचं काम करतात.

२७ डिसेंबर २०२४ ला सोलंगला सुमारे हजार गाड्या आणि पाच हजार पर्यटक अडकले होते, पोलिसांनी रात्री लोकांना बाहेर काढलं. अशा गर्दीत अडकलात तर एक जिवाची गोष्ट, इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपू नका. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजतं आणि कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी या ठिकाणी गाड्यांमध्ये अडकलेली किमान २२ माणसं गेली, थंडीने आणि ह्या धुराने. सायलेन्सरभोवतीचा बर्फ दर अर्ध्या तासाने हाताने काढा, एक काच बोटभर उघडी ठेवा, इंजिन थोडाच वेळ लावा.

८. हिमस्खलन

ट्रेकवाल्यांसाठी. चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था जिल्ह्यानुसार आणि उंचीनुसार हिमस्खलनाचा इशारा देते, पाच पातळ्यांचा. इथे तुमचा उंचीचा कागद परत लागतो. इशारा "२८०० मीटरच्या वर" असा असेल आणि तुमचा कॅम्प ३१०० ला, तर तो तुमच्यासाठीच आहे. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा इथे रस्त्याच्या कामावरचे ५४ कामगार हिमस्खलनात सापडले, ८ जण गेले, तेही सलग बर्फवृष्टी चालू असताना. माझा स्वतःचा नियम, २४ तासांत ३० सेंटीमीटरच्या वर पडला आणि सोबत वारा होता, तर पुढचे दोन दिवस ३० ते ४५ अंशांच्या मोकळ्या उताराखालून जायचं नाही, मग ऊन कितीही सुंदर असो. वारा बर्फ उचलून डोंगराच्या आडोशाच्या बाजूला रचून ठेवतो, आणि ऊन त्याला सैल करतं. चालताना पायाखाली "हुंफ" असा बसका आवाज आला तर तसंच मागे फिरा.

९. नेटवर्क गेल्यावर

सांक्रीच्या पुढे अॅप वगैरे विसरा. तिथे आजी सांगायची तेच कामाला येतं, चंद्राला खळं पडलंय का बघा. झंझावाताच्या पुढे उंचावरचे पिसासारखे पातळ ढग येतात, त्यातल्या बर्फकणांमुळे ते खळं दिसतं, आणि बऱ्याचदा एक-दीड दिवसात हवा बिघडते. रात्री अचानक उबदार वाटणं हीसुद्धा खूण आहे, ढगांची गोधडी आली. हातात उंची दाखवणारं घड्याळ असेल तर कॅम्पमध्ये बसल्या जागी रात्रीतून उंची तीस-चाळीस मीटर वाढलेली दिसली का बघा, डोंगर वाढलेला नसतो, हवेचा दाब उतरलेला असतो.

आता समजा उद्या निघायचंय. रात्री नऊला बुलेटिनचा जिल्ह्याचा रंग, फ्रीझिंग लेव्हल, आकाश मोकळं होण्याची वेळ, एवढं कागदाच्या मागच्या बाजूला लिहा. मग हॉटेलवाल्याला नाही, गाडीवाल्या दादांना विचारा, "कल सुबह पाला पड़ेगा क्या?" तिकडे गोठलेल्या दवाला आणि रस्त्यावरच्या आइसला पालाच म्हणतात. ते हो म्हणाले तर टायरच्या चेन गाडीत आहेत का ते तिथेच डिकी उघडून बघा, निघायची वेळ साडेदहा करा आणि ग्रुपला आत्ताच मेसेज टाका, म्हणजे सकाळी सहाला कोणी सॅक भरून दारात उभं राहणार नाही.